घटनेतली टाकी

दिनांक १६ फेब्रुवारी २०१९, शनिवार, दुपारचे अडीच. रक्कम चार हजार दोनशे डॉलर. ठिकाण अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या वाचनालयाची मागची खोली, कारण ती दोन तास फुकट मिळते. हजर पाच जण: आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, दोन सभासद आणि खजिनदार. खजिनदार मी. अध्यक्ष माझा मित्र, पंधरा वर्षांपासूनचा आणि या देशातला पहिला.

ही नोंद माझ्या स्वतःच्या वहीतली आहे. सभेचं इतिवृत्त सेक्रेटरी लिहीत, पण मी माझंही लिहून ठेवतो. माझे वडील जिल्हा परिषदेत लेखापरीक्षक होते. तपासणीला गावोगाव जायचे तेव्हा चहाचा थर्मास घरून न्यायचे. ज्याचं दप्तर तपासायचं त्याचा चहा प्यायचा नाही, हा त्यांचा नियम. लोक हसायचे. वडील थर्मासच्या झाकणात चहा ओतून घ्यायचे आणि पुढची वही मागायचे. त्यांच्यामागे घर नव्हतं, जमीन नव्हती. वारसा म्हणून माझ्याकडे आलं ते एवढंच.

मंडळ आम्ही दोघांनी २००४ साली काढलं. नोंदणी करायची तर घटना लागते, असं कळलं. मित्राकडे त्याच्या वडिलांच्या पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीचे उपविधी होते. एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही तेच उतरवून काढले. ‘संस्था’ होतं तिथे ‘मंडळ’ घातलं, ‘सदनिकाधारक’ होतं तिथे ‘सभासद’. घाईत अकरावं कलम तसंच राहिलं: पाण्याची टाकी व पंप यांच्या दुरुस्तीचा तातडीचा खर्च कार्यकारिणीने सर्वसाधारण सभेची वाट न पाहता करावा. त्याचं इंग्रजी भाषांतर होऊन ते टाकीसकट सरकारदरबारी गेलं. कोणी काही विचारलं नाही. नंतर लक्षात आलं तेव्हा दुरुस्तीची फी कोण भरणार, म्हणून राहू दिलं. पुढे तो मंडळातला नेहमीचा विनोद झाला. वार्षिक सभेत कोणीतरी विचारायचं, “टाकीची काय परिस्थिती?” आणि अध्यक्ष म्हणायचे, “भरलेली आहे.”

टाकी सोडली तर पैशाबद्दल घटनेत दोनच गोष्टी होत्या. निधी सण, सांस्कृतिक कार्यक्रम आणि मुलांचे मराठी वर्ग यांवर खर्च करावा. आणि चेकवर दोन सह्या हव्यात, अध्यक्षांची व खजिनदाराची.

त्या फेब्रुवारीत आमच्यातल्या एका तरुण जोडप्यावर वेळ आली. नवऱ्याची नोकरी गेली. तो कामाच्या व्हिसावर होता, त्यामुळे साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर परतीचं विमान. नोकरी मिळाली नाही. सात महिन्यांची मुलगी. सामान विकून तिकिटं निघाली, पण भाड्याच्या घराचा करार मुदतीआधी मोडायचा दंड बाकी राहिला. तोच चार हजार दोनशे. मंडळाने हा दंड भरावा, असं माझ्या मित्राचं म्हणणं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिच्या इतिहासाच्या तासाला वादविवाद स्पर्धा होती. विषय असा: हे राष्ट्र नवीन असताना पहिल्या अर्थमंत्र्याला राष्ट्रीय बँक काढायची होती. राज्यघटनेत बँकेचा उल्लेख नव्हता. परराष्ट्रमंत्री म्हणाला, घटनेने जो अधिकार दिला नाही तो केंद्राला नाही. तो राज्यांचा आणि लोकांचा. अर्थमंत्री म्हणाला, काम सोपवलंय ना? मग त्या कामाला लागणारं साधनही सोपवलंय. दोघे एकाच मंत्रिमंडळात, एकाच अध्यक्षाच्या हाताखाली. अध्यक्षाने दोघांकडून लेखी मत मागवलं आणि शेवटी बँकेच्या विधेयकावर सही केली.

मुलीकडे अर्थमंत्र्याची बाजू आली होती. तिला सरावाला कोणी हवं होतं.

“बाबा, यू बी द अदर गाय.”

“तो काय म्हणतो?”

“तो म्हणतो नो. एव्हरीथिंगला नो. यू’ल बी ग्रेट.”

बायको कणीक मळता मळता हसली. मी मात्र काम मनावर घेतलं. मला तेव्हा नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करायचीच होती. वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं. आठवडाभर रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही भांडलो. मी म्हणायचो, आज गरज म्हणून एक पाऊल, उद्या दुसरं; मग थांबायचं कुठे, ते कोण सांगणार? ती म्हणायची, नवीन देश आहे, कर्ज आहे, काहीच केलं नाही तर देशच राहणार नाही, मग तुमची घटना कोण वाचणार? शेवटच्या दिवशी ती म्हणाली, “ओके, यू विन. बट आय वुडन्ट वॉन्ट टू लिव्ह इन युअर कंट्री.”

मला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

दोन दिवसांनी वाचनालयातली सभा. मित्राने सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाला, “सरळ गोष्ट आहे. दंड भरला नाही तर प्रकरण कलेक्शनला, वसुलीवाल्यांकडे जाईल. पोरगा परत कधी आला तर ते त्याच्या रेकॉर्डवर. आपल्याकडे अकरा हजार पडलेत.”

“पडलेले नाहीत,” मी म्हणालो. “ठेवलेले आहेत.”

“बरं बाबा, ठेवलेले.”

“दिवाळीसाठी आणि मुलांच्या वर्गांसाठी.”

सेक्रेटरी आमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, पूर्वी नागपूरला शाळेत शिक्षिका. त्यांना सगळे मावशी म्हणायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. “अरे, माणसं मोठी की चकल्या?”

“मावशी, प्रश्न तो नाही. लोकांनी वर्गणी दिली ती सणांसाठी. त्यांना न विचारता आपण ती दुसरीकडे लावायची, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?”

“मग विचारू,” एक सभासद म्हणाला.

“विचारा ना. सर्वसाधारण सभा बोलवा. मी स्वतः हात वर करीन.”

“सभेला एकवीस दिवसांची नोटीस लागते,” मित्र म्हणाला. “त्यांचं विमान अठरा दिवसांनी आहे. मोज तूच.”

मी मोजलेलं होतं.

दुसरा सभासद मुंबईचा, तिशीतला. तो म्हणाला, “काका, यार, लिहिलेलं नाही म्हणजे मना केलंय असं कुठेय? लिहिलं नाही, एवढंच.”

यावर मी घरी आठवडाभर घोटलेलं सगळं बोललो. दिलेला अधिकार आणि न दिलेला अधिकार. एक पाऊल आणि दुसरं पाऊल. चांगलं बोललो असणार, कारण मधे कोणी बोललं नाही. संपल्यावर मित्र म्हणाला, “अरे, आपण देश चालवतोय का? आपण भेळ आणि भावगीतं चालवतो.”

सगळे हसले. मीही हसलो.

“मग असं करू,” तो म्हणाला. “घटनेत टाकी आहे ना? टाकी दुरुस्त करू.”

“आपल्याला टाकी नाही.”

“नाही?” त्याने माझ्याकडे बघून विचारलं.

पुन्हा सगळे हसले. तो हसला नाही. हे मला तेव्हाही दिसलं होतं.

मतं पडली तीन विरुद्ध दोन, दंड भरावा या बाजूने. मावशींनी चेकबुक माझ्यापुढे सरकवलं. मित्राने आपली सही आधीच करून ठेवली होती. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो की बहुमताने अधिकार तयार होत नाही. घटना बदलायची तर त्याची वेगळी रीत आहे.

मावशी म्हणाल्या, “मग हात कशाला वर करायला लावलेस रे? आमची काय कवायत होती?”

बाहेर पार्किंगमध्ये ऊन होतं आणि कडाक्याची थंडी. मित्र माझ्या गाडीशी आला. रागावलेला नव्हता. म्हणाला, “संध्याकाळी घरी ये. पिठलं-भाकरी आहे. हिने ठेचा केलाय. जेवता जेवता बघू काहीतरी.”

“आज नको.”

“का?”

“तुझा अर्ज माझ्यापुढे आहे.”

“अर्ज?” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “अर्ज.” मग “बरं” म्हणून आपल्या गाडीत जाऊन बसला.

सोमवारी त्याने चार हजार दोनशे स्वतःच्या खात्यातून भरले. मला हे आठ दिवसांनी बायकोकडून कळलं. तिला त्याच्या बायकोकडून. बायको म्हणाली, “तुमचं बरोबर होतं हो. पण बरोबर असून तुम्हाला काय करायचं होतं?” मी म्हणालो, ते वेगळं. ती म्हणाली, तेच तर.

पक्ष कसे तयार होतात, ते मला पुस्तकात वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं पुढच्या चार महिन्यांत कळलं. या देशाच्या घटनेत पक्ष हा शब्दच नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांना पक्ष म्हणजे रोग वाटायचा. तरी दहा वर्षांच्या आत दोन पक्ष उभे राहिले, आणि रोग म्हणणाऱ्यांनीच ते उभे केले. मी समजत होतो की लोक आधी मत ठरवतात आणि मग त्या मताच्या बाजूला जातात. तसं नसतं. बंदरातले व्यापारी आणि दक्षिणेतले जमीनदार आधीच एकमेकांवर चिडून होते. बँकेच्या वादाने त्यांना उभं राहायला जागा दिली, एवढंच. आणि एकदा रांगा लागल्या की त्या मोडत नाहीत. पुढे युरोपात फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं, त्याचा बँकेशी काही संबंध नव्हता, तरी इकडे लोक बऱ्याच अंशी त्याच रांगांत उभे राहिले.

आमच्याकडे मार्चपर्यंत फोनवर दोन ग्रुप झाले. माझ्या बाजूला पहिला आला तो एक नाटकवाला गृहस्थ. तीन वर्षांपूर्वी माझ्या मित्राने त्याची एकांकिका कार्यक्रमातून वगळली होती. त्याने घटना कधी वाचलेली नव्हती. मला फोनवर म्हणाला, “बरं झालं. कोणीतरी लगाम घालायला हवाच होता त्याला.” दुसऱ्या बाजूला गेल्या त्या मराठी वर्गाच्या दोन शिक्षिका, कारण मी त्यांच्याकडे खडूंच्याही पावत्या मागायचो. मे महिन्यापर्यंत दिवाळीला हॉल कुठला, गणपतीला मोदक तळलेले की उकडीचे, लहान मुलांनी निवेदन इंग्रजीत केलेलं चालेल का, या सगळ्यावर मतं त्याच दोन ढिगांत पडायला लागली. तळलेल्या मोदकांचा आणि कलमांचा काय संबंध ते मला आजही सांगता येणार नाही. मला स्वतःला तळलेले आवडतात. माझा पक्ष उकडीचा निघाला.

त्या जोडप्याचं नाव एप्रिलनंतर कोणाच्या बोलण्यात आलं नाही.

आणि एक गोष्ट साफ सांगायला हवी. माझ्या बाजूची माणसं मला आवडत नव्हती. ज्यांच्याबरोबर बसून हसावं अशी सगळी माणसं समोर होती.

पुस्तकातलं एक प्रकरण मी मुलाखतीच्या आठवड्यात वाचलं. बँकेच्या वादाच्या आदल्या वर्षी, १७९० साली, राज्यांची युद्धकर्जं केंद्राने घ्यावीत की नाही यावर सगळं अडून बसलं होतं. आमच्या या व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांचं का भरा, असं इथल्या लोकांचं म्हणणं. तेव्हा परराष्ट्रमंत्र्याने अर्थमंत्र्याला आणि काँग्रेसमधल्या त्याच्या मुख्य विरोधकाला आपल्या घरी जेवायला बोलावलं. जेवता जेवता ठरलं: कर्जं केंद्राने घ्यायची आणि बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी बांधायची. म्हणून राजधानी इथे आहे. म्हणून तिच्या आसपास कचेऱ्या, कचेऱ्यांना लागणाऱ्या कंपन्या, आणि त्या कंपन्यांत कामाला आलेले आम्ही. एका जेवणाचा एवढा पसारा. ताटात काय होतं, ते पुस्तकात नव्हतं.

हे वाचल्यावर मी पुस्तक बंद करून ही वही उघडली. मी काही खोटं समाधान करून घेणाऱ्यांतला नाही, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. त्या जेवणाने पक्ष टळले नाहीत. पुढच्याच वर्षी बँकेवरून त्याच दोघांचं फाटलं. जेवायला बोलावणाऱ्याला पुढे आपण फसलो असंच वाटत राहिलं. दोघांनीही एकामागून एक मंत्रिमंडळ सोडलं. तेव्हा मी पिठलं खायला गेलो असतो तरी मंडळ कदाचित फुटलंच असतं. पण ते दोघे फुटले ते एकत्र जेवल्यावर. मी तेवढंही केलं नाही.

मुलाखतीत अधिकाऱ्याने सहा प्रश्न विचारले. त्यातला एक होता, देशातले दोन मुख्य पक्ष कोणते. मी नावं सांगितली आणि ते मुळात कसे सुरू झाले ते सांगायला लागलो. तो हसून म्हणाला, सर, तेवढं पुरे.

वर्षअखेर मंडळ विसर्जित झालं. दोन नवी मंडळं झाली. शिल्लक रक्कम सारखी वाटली. तो हिशेब मीच केला आणि दोन्ही बाजूंनी बिनतक्रार मान्य केला. त्या सबंध प्रकरणात दोन्ही बाजूंना मान्य झालेली माझी ती एकच गोष्ट. माझ्या बाजूच्या मंडळाने मला अध्यक्ष व्हायला सांगितलं. मी नाही म्हणालो. देशाचा पहिला अध्यक्ष पद सोडताना पक्षांच्या वृत्तीपासून सावध राहा असं लोकांना सांगून गेला, आणि लोकांनी लगेच पक्षावर निवडणूक लढवली, हे मला माहीत होतं. मी काही सांगून गेलो नाही. नुसता गेलो.

नंतरची वर्षं लवकर सांगून होतील. साथीच्या दिवसांत सगळ्यांचीच दारं बंद होती, त्यामुळे माझं बंद दार उठून दिसलं नाही. मग दारं उघडली. गणपतीला दोन्हीकडून सारखाच निरोप यायचा, शंभर जणांना एकदम पाठवलेला. बायको दोन्हीकडे जायची. मी गाडीने सोडायचो आणि आणायला जायचो. हॉलच्या बाहेर गाडीत बसून आरती ऐकू यायची, आणि त्यात मित्राचा आवाज वेगळा कळायचा, कारण तो शेवटची ओळ सगळ्यांच्या मागून ओढतो. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली. २०२४च्या वसंतात सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि बायको नागपूरला गेली ती राहिलीच. घरात तीन खोल्या बंद ठेवल्या तर विजेचं बिल महिन्याला अठ्ठावीस डॉलरनी कमी येतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मित्र कॅलिफोर्नियात सांता क्लाराला कायमचा राहायला गेला, तिथे नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाकडे. तो गेल्याचं मला त्याच्या घरापुढची पाटी बघून कळलं. घर विकलेलं होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मावशी आल्या. आता काठी घेऊन चालतात. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर एक खोकं होतं.

“त्याच्या गॅरेजमध्ये होतं. जुन्या मंडळाच्या वह्या आहेत. फेकणार होती पोरं. तो म्हणाला, तुझ्याकडे द्यायच्या, नीट राहतील.”

“आणखी काही म्हणाला?”

“नाही बाई. पाणी दे मला आधी.”

मी २०११ साली खजिनदार झालो. त्याआधी सात वर्षं हिशेब मित्राकडे होता. हातात घेताना मी वार्षिक बेरजा पडताळल्या होत्या, त्या बरोबर होत्या. रोजच्या वह्या त्याच्याकडेच राहिल्या. सभेने मंजूर केलेल्या, म्हणून मी मागितल्याही नव्हत्या. आता वेळच वेळ होता. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या. रोज जेवणाआधी पंचवीस पानं.

चौथ्या दिवशी ही नोंद आली. १२ मार्च २००९. कलम अकरा अन्वये टाकी दुरुस्ती, तातडीची. अकराशे पन्नास डॉलर.

मला आधी राग आला, तो लेखापरीक्षकाच्या मुलाचा राग. आपल्याला टाकी नाही. मग पावत्यांच्या पाकिटात त्या चेकची प्रत सापडली. चेक ज्या म्हाताऱ्याच्या नावाने होता, तो तेव्हाचा आमचा घरमालक.

२००९ साली मंदीत माझ्या छोट्या कंपनीने दोन महिने पगार दिला नव्हता. मुलगी सहा वर्षांची. एका महिन्याचं भाडं अकराशे पन्नास. मी कोणाकडे मागितलं नव्हतं, फक्त मित्राला परिस्थिती सांगितली होती. दोन दिवसांनी तो म्हणाला, “मी पूर्वी त्याच म्हाताऱ्याकडे राहत होतो ना, बोललो त्याच्याशी. एक महिना सोडला त्याने तुला.” मी विश्वास ठेवला. नाताळात मी घरमालकाला आभाराचं कार्ड पाठवलं. त्याचंही कार्ड आलं. त्यात फक्त शुभेच्छा होत्या.

नोंद खोटी आहे. हे मी आजही म्हणतो. असा खर्च माझ्यापुढे आला असता तर मी मंजूर केला नसता, आणि मग मी कुठे राहिलो असतो याचा हिशेब मला मांडता येत नाही. वाचनालयातल्या त्या खोलीत त्याला एक वाक्य बोलून मला गप्प करता आलं असतं. चार माणसांसमोर. तो फक्त “नाही?” म्हणाला.

रविवारी दुपारी बारा वाजता मी त्याला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. साडेपाच वर्षांनी.

“बोल,” तो म्हणाला. नंबर त्याच्याकडे अजून होता म्हणजे.

“टाकीची नोंद सापडली.”

“किती वर्षं लावलीस रे! मला वाटलं, खजिनदार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काढशील.”

“तू सांगितलं का नाहीस? त्या दिवशी सभेत.”

“काय सांगायचं? की याला आपण दिले होते, आता हा देत नाहीये?” तो म्हणाला. “ते काय बोलणं झालं?”

“नोंद खोटी आहे.”

“आहेच. घाल मला तुरुंगात.”

“पैसे परत करायचे आहेत.”

“व्याजासकट?”

“व्याज ठरलेलं नव्हतं. मुद्दल.”

तो हसला, पूर्वीसारखा, मागे रेलून. मग म्हणाला, “मला नको देऊ. माझे नव्हतेच ते. मंडळाचे होते.”

“मंडळ नाही आता.”

“मग बघ तूच. हिशेबाचं तुला कळतं.” पुढे त्याने आपणहून सांगितलं की त्या पोराने त्याचे चार हजार दोनशे नागपूरहून दोन वर्षांत फेडले. थोडे थोडे करून, शेवटच्या दोनशेसकट. “तुला कळवायचं राहिलं,” तो म्हणाला. राहिलं नव्हतं, कळवलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

मी विचारलं, “त्या दिवशी संध्याकाळी तू वाट पाहिलीस?”

“तासभर. तुझं ताट घेतलं होतं. मग म्हटलं, आता भाकरी वातड होणार. खाल्ली मीच.”

नंतर आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, तिकडच्या घरांच्या किमतींबद्दल बोललो. ठेवताना तो म्हणाला, “इकडे कधी आलास तर फोन कर.”

हे कोणीही कोणालाही म्हणतं. पण हर्नडनला पंधरा वर्षं मी त्याच्या घरी फोन करून कधी गेलो नव्हतो, मागच्या दाराने जायचो. फोन कर, असं त्याने मला पहिल्यांदा सांगितलं.

त्याच आठवड्यात मी दोन चेक लिहिले. जुनी शिल्लक सारखी वाटली गेली होती, म्हणून हेही सारखंच. एका मंडळाची नवी खजिनदार माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिचा निरोप आला, “थँक यू फॉर द डोनेशन, काका!” मी कळवलं, देणगी नाही, परतफेड आहे. ती म्हणाली, “काका, सॉफ्टवेअरमध्ये तसा कॉलमच नाहीये. कशाची परतफेड लिहू?” मी तिला थोडक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तेव्हा मंडळाला असे पैसे देता यायचे?”

मी म्हणालो, घटनेत नव्हतं. दिले होते.

ही त्या वहीतली शेवटची नोंद. दिनांक २२ सप्टेंबर २०२४, रविवार. ठिकाण माझं स्वयंपाकघर, टेबल तेच. हजर: मी. रक्कम अकराशे पन्नास डॉलर. अदा: पाचशे पंचाहत्तर एका मंडळाला, पाचशे पंचाहत्तर दुसऱ्या मंडळाला.